नंतर बसवायची माणसं

मुंबईच्या आमच्या कॉलेजात फोटोग्राफीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागायचा. विषय एक, फोटो वीस. फोटो काढण्यात मी कधीच मागे नव्हते. दिवसाला छत्तीसचा अख्खा रोल उडवायचे आणि त्यातले चौतीस वाईट निघायचे, ती गोष्ट वेगळी. माझं घोडं पेंड खायचं ते विषयापाशी.

आदल्या वर्षी मी 'दारं' हा विषय घेतला होता. महाडमधली वीस दारं, सगळी बंद. परीक्षक शेवटच्या दारापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "एखादं उघडून बघावंसं वाटलं नाही का?" मग त्यांनी मला नापास केलं. कॉलेजचा नियम असा होता की दोनदा नापास झालं की गाशा गुंडाळायचा. म्हणजे या खेपेला विषय चुकला तर मुंबई संपली, कॅमेरा संपला, सगळंच संपलं.

माझे वडील महाडला शाळेत शिकवायचे. त्यांच्या मते जगात दोनच जातीची माणसं होती, डी.एड. झालेली आणि डी.एड. व्हायची राहिलेली. मी दुसऱ्या जातीतली. "मी तुला अडवलं नाही," ते म्हणाले, "पण या वेळी गुण मिळाले नाहीत तर जूनमध्ये डी.एड.चा फॉर्म मी स्वतः भरीन. तुझा फोटोही मीच चिकटवीन." हे ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते प्रेमाने म्हणाले, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

आमचे सर फार कमी बोलायचे. विद्यार्थ्याने फोटो पुढे ठेवले की ते सगळे नीट बघायचे, चष्मा काढायचे आणि विचारायचे, "मग?" बस्स, एवढंच. या एका शब्दापुढे मुलं अर्धा अर्धा तास भाषणं करायची आणि शेवटी आपल्याच भाषणाला कंटाळून फोटो उचलून निघून जायची.

मी पहिला विषय नेला तो रायगड. महाडच्या मुलीने दुसरं काय न्यायचं? सरांनी बारा फोटो बघितले. "छान आहे किल्ला. मग?" माझ्याकडे 'मग' नव्हतं. किल्ला माझ्या आधीही होता आणि माझ्या फोटोंनी त्यात काही भर पडलेली नव्हती.

दुसरा विषय सावित्री नदी. भल्या सकाळी धुक्यातल्या होड्या टिपायला मी दासगावला गेले. होडीच्या जवळ जावं म्हणून दोन पावलं पुढे टाकली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. कॅमेरा डोक्यावर धरून मी ओरडत राहिले. एका मासे विकणाऱ्या बाईने टोपली खाली ठेवली, मला काखेत धरून मुळ्यासारखं उपटलं आणि कोरड्या जागी ठेवलं. एक चप्पल सावित्रीने ठेवून घेतली. फोटो मात्र सुरेख आले, धुकं, पाणी, होडी. "मग?" सर म्हणाले. मी म्हटलं, "चप्पल गेली, सर." ते पहिल्यांदा हसले, पण विषय काही पसंत केला नाही.

तिसरा विषय मोठा गहन होता, 'प्रतीक्षा'. त्यासाठी मी पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर सकाळी सातपासून बसले. वाट बघणारी माणसं टिपायची होती. पण एक बाई बाकावर दिवसभर बसली आहे आणि एकाही गाडीत चढत नाही, हे कंट्रोलरच्या जिवाला लागलं. अकरा वाजता त्याने येऊन विचारलं, "ताई, कुठं जायचंय?" मी म्हटलं, कुठेच नाही. त्याचा विश्वास बसेना. दुपारी भोंग्यावरून त्याने जाहीर केलं की सकाळपासून बसलेल्या, गळ्यात कॅमेरा असलेल्या ताईंना कोणी न्यायला येणार असेल तर लवकर यावं. अख्खं स्टँड माझ्याकडे बघायला लागलं. त्या दिवसाच्या माझ्या सगळ्या फोटोंत वाट बघणारी माणसं नाहीतच. माझी दया येऊन माझ्याकडे बघणारी माणसं आहेत. सरांनी ते बघून विचारलं, "मग? आलं का कोणी न्यायला?"

आलं होतं खरं तर. माझा मामा आला होता. तो कुडपणच्या अंगाला, वर पठारावरच्या वाडीत राहायचा. दोन म्हशी, थोडी भातशेती, थोडी नाचणी. बाजार करायला तो पोलादपूरला उतरला होता आणि भोंग्यावरचं वर्णन ऐकून ही आपलीच भाची हे त्याने बरोबर ओळखलं.

"हितं काय बसलीस गो भिकाऱ्यावानी?" तो म्हणाला. मी त्याला प्रकल्प, विषय, डी.एड. सगळं सांगितलं. त्याला त्यातलं डी.एड. तेवढं कळलं. "वर चल," तो म्हणाला, "आमच्याकडं माणसंच माणसं हायत. हवी तेवढी उबी करतो."

तर अशी मी जीपमध्ये, तेलाचा डबा आणि पेंडीचं पोतं यांच्या मधे बसून वर गेले. जीप डोंगर चढत होती आणि माझ्या डोक्यात विषय तयार होत होता. डोंगरमाथ्यावरचे कष्ट! घामाने भिजलेले चेहरे, भेगाळलेले पाय, चुलीचा धूर. सर याला 'मग?' म्हणूच शकणार नाहीत, अशी माझी खात्री झाली.

वाडीतल्या लोकांनी माझे कष्ट पार धुळीला मिळवले. कष्ट करताना फोटो काढून द्यायला एकही माणूस तयार होईना. मी शेण काढणाऱ्या बाईवर कॅमेरा रोखला तर ती पाटी टाकून आत पळाली. दहा मिनिटांनी बाहेर आली ती नायलॉनची निळी साडी नेसून, तोंडाला पावडर फासून. मी म्हटलं, "काकी, मघासारखं काम करा ना." ती म्हणाली, "कामाचा कसला फोटो काढतेस गो? शेणाचं हात घिऊन मी भितीवर लागू?" एका आजोबांनी लाकडं फोडायची थांबवून आधी दाढी केली. एकाने तर म्हशीला ओढ्यावर नेऊन धुवून आणलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला की माणसं, जनावरं, सगळी झेंडावंदनाला उभी असल्यासारखी ताठ व्हायची.

मी त्या गावच्या लेकीची लेक, म्हणजे अख्ख्या वाडीची भाची. भाचीचे लाड सगळे करतात, पण तिचं ऐकत कोणी नाही. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मी त्या दोन दिवसांत सात घरी खाल्लं. आणि सातही घरांनी एकच मागणी केली. घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढ.

चला, म्हटलं, पोटात अन्न गेलंय तर तेवढं तरी करू. मी एकेका घराला अंगणात उभं करायला लागले. आणि इथे माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. ती माणसं नीट उभीच राहीनात. चार जण चिकटून, मग मधेच हातभर जागा रिकामी, मग पुन्हा दोन जण. मी म्हणायचे, "जवळ या." ते म्हणायचे, "हाय ते बरं हाय." मी कॅमेरा ठेवून जायचे, खांद्याला धरून माणसं सरकवायचे. परत कॅमेऱ्याशी येईपर्यंत ती जागा पुन्हा उघडी. आंब्याखालच्या घरातली म्हातारी तर माझ्याकडे न बघताच आपली बाजूला सरकायची. शेवटी मी मास्तरांची मुलगी आहे हे दाखवून दिलं. "सगळ्यांनी चिकटून उभं राहायचं! हलायचं नाही!" अशी ओरडले आणि सात घरं सात फोटोंत दाटीवाटीने कोंबून टाकली.

महिन्याभराने ते फोटो घेऊन मी पुन्हा वर गेले. सगळ्यांना मोठ्या आकारात छापून नेले होते. आता कौतुक होईल, आणखी एखाद्या घरी पिठलं मिळेल, असा माझा हिशेब. आंब्याखालच्या म्हातारीने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि बॉम्ब फुटावा तशी फुटली.

"ह्ये काय केलंस? माजा पोरगा कुठं बसवायचा आता? माज्या डोक्यावर?"

मामाचं घर सोडलं तर बाकीच्या पाच घरांतूनही हीच बोंब उठली. पावडर लावलेली काकी तर रडायलाच आली. मला काही कळेना. कोणाला बसवायचं, कुठे बसवायचं? शेवटी मामाने मला बाजूला घेतलं आणि एखाद्या ढ मुलाला पाढे शिकवावेत तसं सांगितलं.

प्रकार असा होता. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी बाप्या मुंबईला. कोणी हॉटेलात, कोणी गोदामात, कोणी लिफ्टवर. घरी कार्य निघालं आणि फोटोवाला वर आला तरी त्या बाप्याला रजा मिळेलच असं नाही. म्हणून फोटो काढताना त्याची जागा सोडून उभं राहायचं. मग त्याचा मिळेल तो फोटो घेऊन महाडच्या बाजारपेठेतल्या स्टुडिओत जायचं. तिथला फोटोवाला आधी कात्रीने कापून चिकटवायचा, हल्ली त्याने कॉम्प्युटर आणला होता. तो मुंबईच्या माणसाला त्या जागेत 'बसवून' द्यायचा. असे बसवलेले फोटो घरोघर भिंतीवर होते. मी दोन दिवस त्यांच्याखाली बसून भाकरी खाल्ली होती आणि एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. फोटोग्राफीची विद्यार्थिनी!

आता बघितलं. एका फोटोत हिरवीगार साडी नेसलेल्या बायकोशेजारी नवरा काळापांढरा होता. एकाचे पाय जमिनीला टेकले नव्हते. एक जण आपल्या मुलांपेक्षा लहान दिसत होता, कारण त्याचा घरी असलेला एकमेव फोटो शाळेच्या पासावरचा होता. कोणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. घर भरलं होतं ना, मग झालं.

सगळे फोटो पुन्हा काढणं भाग होतं. सुटका नव्हती, मामाच्या अब्रूचा प्रश्न होता. पण या वेळी मी ओरडले नाही. जागा किती सोडायची ते त्यांनाच ठरवू दिलं, आणि ते ठरवणं म्हणजे काय तमाशा होता! पावडरवाल्या काकीने हातभर जागा ठेवली, तर सासू म्हणाली, "येवढ्यात मावतोय का तो? मुंबईचं खाऊन काय झालाय बगितलास ना दिवाळीला?" मग जागा दीड हात झाली. मग ती जागा सासूच्या शेजारी की बायकोच्या शेजारी यावरून दोघी अर्धा तास एकमेकींशी न बोलता सरकत राहिल्या. शेवटी तो दोघींच्या मधे, असा तह झाला. एका घरी दोन माणसांची जागा सोडली होती. मी विचारलं, "दोघं कोण?" आई म्हणाली, "पोरगा आन् सून." मी म्हटलं, "सून इथे नसते का?" "ती अजून ठरली नाय." मी काही बोलायच्या आत तिने समजावलं, "ठरल्यावर पुना तू कधी येणार? आत्ताच जागा ठेवलेली बरी." कुत्री, कोंबड्या यांना ही मोकळी जागा फार आवडायची. प्रत्येक फोटोच्या आधी मामा हातात काठी घेऊन मुंबईच्या माणसाच्या जागेतून कोंबड्या हाकलायचा.

आणि मग मामाचं घर. मामा जन्मात मुंबईला गेलेला नाही. मामी, दोन्ही मुलं, सगळी घरात. त्याला आपल्या फोटोत जागा सोडायला कोणीच नव्हतं आणि हे त्याला फार लागलं. थोडा वेळ विचार करून तो मामीच्या शेजारून बाहेर पडला आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"काढ," तो म्हणाला. "मला नंतर बसव."

"मामा, तू इथेच आहेस की!"

"स्टुडिओत कोट हाय. कोटात फोटो काढतो, मग बसव. कोटातला बरा दिसन." मामीने पदराआड तोंड लपवलं. ती हसत होती की चिडली होती ते कळलं नाही. मी काढला फोटो.

ते सगळे मी सरांपुढे ठेवले. सातच फोटो होते, आणि विषय काय म्हणून विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी चष्मा काढला. मी 'मग?' साठी श्वास रोखून बसले. सरांनी चष्मा पुन्हा लावला आणि पहिल्या फोटोतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "इथे कोण आहे?"

मी सांगितलं. मग दुसऱ्यातला कोण, तिसऱ्यातला कोण, असं करत आमचा चहा गार झाला. "आणखी तेरा घरं शोध," सर म्हणाले. माझा विषय पसंत झाला होता आणि तो कधी सुचला ते मलाही माहीत नव्हतं.

मी वरच्या वाड्या पालथ्या घातल्या, उमरठपर्यंत जाऊन आले, तेरा घरं मिळवली. प्रत्येकाला वचन दिलं की परीक्षेपुरती जागा रिकामी राहील, मग मी स्वतः महाडला बसून तुमचा माणूस बसवून देईन. माझ्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वीस बाप्ये जमा झाले. एक मुंडावळ्या बांधलेला, एक कोणाच्या तरी लग्नातून कापलेला, त्यामुळे त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात.

इथवर मी बरी वागले. मग मला शहाणपणा सुचला. परीक्षेसाठी फोटो भिंतीवर लावताना मी प्रत्येकाखाली टाइप केलेली नावं चिकटवली. 'रिक्तता – एक'. 'अनुपस्थितीचा भूगोल'. 'नसण्याचं असणं'. आज ती आठवली की कान गरम होतात. पण तेव्हा मला वाटत होतं की डी.एड. आणि मी यांच्या मधे आता हीच वीस नावं उभी आहेत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी दालनाशी आले तर बाहेर पाच माणसं. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, एकाच्या हातात डबा. मामाने वाडीच्या मुंबई मंडळाला निरोप धाडला होता, तुमचे फोटो मुंबईत लागलेत. पाचही जण रजा टाकून आले होते. "आमचं फोटू कुठं हायत?" एकाने इतक्या मोठ्याने विचारलं की दालनातली सगळी मुलं वळून बघायला लागली.

मला लाज वाटली. उगाच सारवासारव करत नाही, लाजच वाटली. त्यांच्या तेलाची, त्यांच्या आवाजाची, आणि आत माझ्या 'रिक्तता – एक'पुढे ते उभे राहून काय बोलतील याची. मी त्यांना म्हटलं, "आत्ता परीक्षा आहे. तुम्ही कँटीनमध्ये बसा, मी बोलावते." त्यांना बोलवायचा माझा काडीचाही विचार नव्हता. त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला आणि रांगेने कँटीनकडे गेले.

परीक्षक म्हणून बाहेरच्या एक बाई आल्या होत्या. पांढरे केस, सुती साडी, मनातलं काही दिसू द्यायचं नाही असा चेहरा. सर त्यांच्या मागे हात बांधून. बाई एकेका फोटोपुढे उभ्या राहिल्या. खालची नावं वाचताना त्यांच्या भुवया वर जात होत्या.

"ही जागा तुम्ही सोडायला सांगितलीत," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम, ते स्वतःच सोडतात." मी पद्धत सांगितली, स्टुडिओ सांगितला, कात्री सांगितली. ऐकताना माझं मलाच ते बनवल्यासारखं वाटायला लागलं.

बाई मामीच्या फोटोपाशी थांबल्या. "इथे कोण आहे?"

"माझा मामा."

"ते मुंबईला कुठे असतात?"

"ते... मुंबईला नसतात."

"मग फोटो काढताना कुठे होते?"

"माझ्या मागे," मी म्हटलं. "कोंबड्या हाकलत."

सरांनी डोळे मिटले. बाईंनी वही मिटली. "कल्पना चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण ही मांडलेली आहे. माणसं उभी करून आणि वर ही असली नावं लावून तुम्ही आमच्या डोळ्यांत पाणी आणायला निघाला आहात. मला यात खरं काही दिसत नाही. मी याला पास करू शकत नाही."

जून डोळ्यांपुढे आला. आणि पाच खरी माणसं पन्नास पावलांवर कँटीनमध्ये बसली होती, तिथे त्यांना मीच बसवलं होतं. मी बाईंना "दोन मिनिटं" म्हटलं आणि पळाले.

ते पाचही जण एका बाकावर ओळीने बसले होते. चहासुद्धा घेतला नव्हता, मी बोलावलं आणि चहा हातात असला तर, म्हणून. मी फक्त "चला" म्हटलं. ते आले.

पुढची पाच मिनिटं दालनात बाजार भरला. "माजं घर ह्ये!" "आरं, म्हस धुतलेली दिसतेय!" काकीचा नवरा, तोच तो जाडा, आपल्या जागेपुढे जाऊन उभा राहिला, आधी सरळ, मग आडवा. "येवढीच जागा?" त्याने मला दरडावून विचारलं. "मी ह्यात मावतो काय? आय आन् बायकोच्या मधी घातलंय, त्यात आनि येवढंसं!" ज्याच्या आईने दोघांची जागा सोडली होती तो पोरगा लाजून लाल झाला आणि बाकीचे चौघे त्याला कोपराने ढोसायला लागले. मी बाईंकडे बघायचं धाडस केलं. त्या भिंतीकडे बघतच नव्हत्या, या पाच जणांकडे बघत होत्या.

मी पास झाले ते आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. पण ते कशामुळे झालं, ते मला आजही नीट सांगता येईल की नाही कोण जाणे.

आंब्याखालच्या घरातला मुलगा तेवढा गप्प होता. तो लिफ्टवर कामाला होता, चाळिशीचा असेल. आईच्या फोटोपुढे तो पिशवी पोटाशी धरून उभा होता. बाई त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "तुमची जागा कोणती?" त्यांनी विचारलं.

"आयच्या डाव्या अंगाला."

"पण ही जागा तर उजवीकडे आहे."

"तुमच्या उजवीकडं," तो म्हणाला. "आयच्या डावीकडं."

"नेहमी तिथेच उभे राहता?"

"व्हय. तिला उजव्या कानानं ऐकू येत नाय. डाव्या अंगाला उबा ऱ्हायलो का बोलता येतं." मग त्याला वाटलं की बाईंना पुरेसं कळलं नाही, म्हणून त्याने आणखी सांगितलं, "फोटो काडताना लय येळ उबं करतात. तिला कट्टाळा येतो. मी काय काय सांगत ऱ्हातो."

मी त्या म्हातारीच्या घरी दोनदा जेवले होते. तिच्या उजव्या हाताला बसून तासभर प्रश्न विचारले होते, उत्तरं मिळाली नाहीत म्हणून ही बाई शिष्ट आहे असं मामीला सांगितलंही होतं. तिचे दोनदा फोटो काढले. आणि मला हे माहीत नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे करून त्या फोटोखालचं 'नसण्याचं असणं' नखाने सोलून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "बाकीचीही काढा. पाठकोरे कागद आणि पेन आणा. हे सांगतील ते तुम्ही लिहा."

मी गुडघ्यावर कागद ठेवून जमिनीवर बसले. तो माझ्याजवळ वाकला, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागला, मी चुकू नये म्हणून. "लिवा. ही आय. तिच्या डाव्या कानाशी मी."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण मी रडत होते. बाईंनी तो कागद स्वतः चिकटवला आणि त्या जाड्या माणसाकडे गेल्या. "आणि तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं. "किती जागा हवी होती?"